स्त्रीबीजाचा कर्मणी प्रयोग

४ जून

प्रिय पेन्सिल,

फोनवर तुझ्याशी धड बोलणंच होत नाही. तू "हो ताई, बरं ताई" यापलीकडे जात नाहीस आणि मागे आईच्या भांड्यांचा आवाज वाढत जातो. म्हणून पत्र.

शाळेच्या शेवटच्या वर्गासाठी जीवशास्त्राचं नवं पुस्तक निघतंय आणि मानवी प्रजननाचं प्रकरण माझ्या गळ्यात पडलंय. समितीतल्या बाकीच्यांनी झाडं आणि बेडूक आधीच पळवले होते. माझं अर्धं आयुष्य याच विषयाच्या प्रयोगशाळेत गेलं, त्यामुळे तक्रार नाही. चार आकृत्या हव्या आहेत. समितीच्या चित्रकाराला स्त्रीबीज काढायला सांगितलं की तो टोमॅटो काढतो. मी तुझं नाव सुचवलं आणि अध्यक्षांनी मान्यही केलं. तू इमारतींचे नकाशे काढतेस, मापात राहतेस, रेघ उगाच लाडात येऊ देत नाहीस. मला तेच हवंय.

जुन्या पुस्तकातलं प्रकरण आणि माझी टिपणं सोबत पाठवतेय. कच्ची रेखाटनं कर, मग बोलू.

आई म्हणाली, तुम्ही दोघं डॉक्टरांकडे जाऊन आलात. काय म्हणाले? लग्नाला चार वर्षं म्हणजे काही फार नाहीत. जिवाला घोर लावून घेऊ नकोस, आणि माझ्या भावालाही सांग, त्या बापूला. लिफ्ट दुरुस्त करता करता मध्येच अडकलेल्या माणसाला तो जसा धीर देतो, तसा थोडा स्वतःलाही दे म्हणावं.

तुझी,
ताई

१७ जून

ती. ताईंना सा. नमस्कार.

कच्ची रेखाटनं पाठवते आहे. काम मिळवून दिलंत, फार बरं वाटलं. ऑफिसात सध्या एका गोदामाचा नकाशा चाललाय, नुसत्या भिंतीच भिंती. संध्याकाळी तुमची आकृती घेऊन बसले की हात मोकळा होतो.

जुन्या प्रकरणाप्रमाणे काढलंय. शुक्रजंतू शर्यतीत धावतात, अडथळे पार करतात, एकजण जिंकतो आणि कवच भेदतो. स्त्रीबीज सोडलं जातं, वाहून नेलं जातं, वाट पाहतं. म्हणून ते मी नुसतं गोल काढलं, एका बाजूला ठेवल्यासारखं. पाळीबद्दल पुस्तकात लिहिलंय, "वाया गेलेल्या तयारीचा नाश." त्याची आकृती कशी काढायची ते सुचलं नाही. पडकं घर काढू का?

आता तुम्ही विचारलंत ते. डॉक्टरांकडे दोघं नाही गेलो, मी आणि आई गेलो. हे खाली गाडीपाशी उभे होते. म्हणाले, "बायकांचं खातं आहे, मी आत येऊन काय करू?"

डॉक्टर मोठे आहेत, भिंतभर बाळांचे फोटो. तपासलं आणि आईंकडे बघून बोलायला लागले. माझ्या गर्भाशयाच्या तोंडाशी जो स्राव असतो, तो म्हणे शत्रुत्व करतो. हाच शब्द. "ते बिचारे लढत लढत येतात आणि तुमच्या सूनबाई त्यांना दारातच कापून काढतात." असं म्हणून हसले. आईही हसल्या, पण जिन्यात येईपर्यंत त्यांचं हसू गेलं होतं. दुसऱ्या दिवशी तळमजल्यावरच्या बाई मला म्हणाल्या, "काही काही अंगच तसं असतं हो, उलटं." म्हणजे बातमी तिथवर पोचली होती.

ताई, तुम्ही यातल्या आहात म्हणून विचारते. माझं शरीर खरंच असं करतं का? मला तर कुणाशी शत्रुत्व केल्याचं आठवत नाही. मी ह्यांच्या येण्याची वाट बघते. बाकी कशाची बघायची ते मला कुणी सांगितलंच नाही.

आपली,
पेन्सिल

२८ जून

प्रिय पेन्सिल,

तुझं पत्र वाचून मी टेबलावर इतक्या जोरात हात आपटला की शेजारच्या खोलीतला मदतनीस काचा फुटल्या का बघायला आला.

शत्रुत्व! तो डॉक्टर आहे की नाटककंपनीचा मॅनेजर? नीट ऐक. तो स्राव महिन्यातले बरेच दिवस घट्ट असतो, कारण बाहेरचे जंतू आत जाऊ नयेत. बीज सुटायच्या सुमारास तोच पातळ होतो, वाट करून देतो, शुक्रजंतूंना सांभाळून ठेवतो. पुढे त्यांना नेण्यात गर्भाशयाच्या स्नायूंचा मोठा हात असतो. आणि गंमत ऐक. बाईच्या शरीरात काही काळ मुरल्याशिवाय शुक्रजंतूला बीजात शिरताच येत नाही. तो काही तयार होऊन आलेला योद्धा नसतो, त्याला इथे तयार केलं जातं.

भेदण्याचं तर विचारूच नकोस. आम्ही सूक्ष्मदर्शकाखाली ताकद मोजतो. त्याचं डोकं पुढे ढकलण्यापेक्षा आडवंच जास्त जोरानं हलतं, सुटून जायची धडपड चालल्यासारखं. स्त्रीबीजाचं कवच त्याला धरून ठेवतं म्हणून तो तिथे राहतो. बीज धरतं, पारखतं, आत घेतं, आणि एकाला घेतलं की बाकीच्यांना दार बंद करतं. एवढी कामं करणाऱ्याला आपण पुस्तकात कोपऱ्यात बसवून ठेवलंय.

तू ते बरोबर पकडलंस, कळत नकळत. शुक्रजंतूच्या वाट्याला सगळा कर्तरी प्रयोग: तो धावतो, तो जिंकतो, तो भेदतो. स्त्रीबीजाच्या वाट्याला कर्मणी: सोडलं जातं, नेलं जातं, फलित केलं जातं. यात विज्ञान कुठे आहे? लग्न जमवणाऱ्या मावशीची भाषा आहे ही.

सगळ्या आकृत्या नव्यानं काढ. स्त्रीबीजाचं कवच नीट दाखव, पकडणारं. पाळीला नाश म्हणायचं नाही, अस्तर नवं होतं असं लिहीन मी. समितीत भांडणार आहे, बघच तू.

आणि बापूची तपासणी झाली का? झाली नसणार. सगळ्यात सोपी, सगळ्यात आधी करायची तपासणी ती. सुई नाही, दुखणं नाही. त्याला सांग, ताईनं सांगितलंय. मोठ्या बहिणीची आज्ञा आहे म्हण.

तुझी,
ताई

२२ जुलै

ती. ताईंना सा. नमस्कार.

तुमचं पत्र मी ऑफिसात नेऊन वाचलं, घरी वाचलं आणि गच्चीवर कपडे वाळत घालताना पुन्हा वाचलं. इतकी वर्षं मी माझ्याच शरीराकडे भाडेकरूसारखी बघत होते. नव्या आकृत्या सोबत आहेत. दुसरी आकृती बघा, कवचाचा एकेक पदर काढलाय. इतकं मन लावून मी स्वतःच्या घराचा नकाशासुद्धा काढला नसेल.

ह्यांना तुमची आज्ञा सांगितली. आधी चिडले.

"माझ्यात काय व्हायचंय? बघतेस ना, आठ मजले चढून जातो मी."

मी म्हटलं, "जिने चढण्याची तपासणी नाहीये ती."

 मग दोन दिवसांनी सकाळी स्वतःच म्हणाले, "चल, ताईचं तोंड बंद करून येऊ." गेलो.

ताई, दोष ह्यांच्यात आहे. डॉक्टरांनीच सांगितलं. शुक्रजंतू फारच थोडे आणि जे आहेत ते जवळजवळ हलतच नाहीत. पण सांगितलं कसं माहितीये? ह्यांच्या खांद्यावर हात ठेवून. "जरा आळशी आहेत हो तुमचे शिपाई. पण काळजी नको, एक शूर निघाला की काम फत्ते." दोष म्हणाले नाहीत, शत्रुत्व म्हणाले नाहीत. आळशी म्हणाले, जसं लाडक्या पोराला म्हणतात.

मग माझ्याकडे वळले. शिपाई थोडे आहेत म्हणून दार मोकळं करायला हवं. गर्भाशयाचं तोंड थोडं जाळून घ्यायचं आणि आतून गर्भनळ्या बघायच्या. मी विचारलं, "कमतरता ह्यांच्यात आहे, तर माझं का जाळायचं?" ते म्हणाले, "अहो, त्यांचं काय करणार? जे करायचं ते बाईतच करता येतं."

परत आलो. घराच्या दारात हे म्हणाले, "आईला सांगितलंस तर मी गळफास लावून घेईन." मी शब्द दिला, सांगणार नाही. आईंनी विचारलं, "काय म्हणाले?" हे म्हणाले, "हिचंच काहीतरी करायचंय." आणि चपला काढून आत गेले.

ताई, मी ते करून घेऊ का? मला भीती वाटते. तुम्ही ह्यांच्याशी बोला ना. तुमचं ऐकतात. मला उपचार नको असं नाही, फक्त चुकीच्या माणसावर नको.

आपली,
पेन्सिल

१९ ऑगस्ट

प्रिय पेन्सिल,

उशीर झाला, समितीत अडकले होते. तुझ्या आकृत्या अप्रतिम आहेत. सगळ्यांनी हातोहात फिरवल्या. मग मी माझा मजकूर वाचला आणि शिमगा सुरू झाला.

अध्यक्ष म्हणाले, "बाई, बीज शुक्रजंतूला पकडतं? म्हणजे काय, पोलीस आहे का?"

मी म्हटलं, "सर, आम्ही मोजलंय. माझी नाही, निसर्गाची भाषा आहे."

"मुलांना गोष्ट लागते. शर्यत, स्पर्धा, विजय. वर्गातली पोरं जागी राहतात."

मी विचारलं, "आणि पोरी?"

"त्या आपोआप जाग्याच असतात," असं म्हणून सगळे हसले. एकटी बाई मी. पण हटले नाही. पुढच्या बैठकीत पुन्हा मांडणार आहे. या शब्दांनी पिढ्यान् पिढ्या नासल्या आहेत, हे मी त्यांच्या गळी उतरवल्याशिवाय राहणार नाही.

आता घरचं. बापूला फोन केला होता. अगं, ढसाढसा रडला. लहानपणी खेळात हरला की कपाटामागे लपून रडायचा, तसा. पुरुषाला हे फार लागतं गं. त्याचा सगळा मानच त्यात असतो. आपण बायका कशातूनही उभ्या राहतो, त्यांना तसं जमत नाही. तेव्हा तू जरा समजुतीनं घे. तपासणीचा विषय घरात पुन्हा काढू नकोस. आईला तर वाराही लागू देऊ नकोस, या वयात तिला झेपायचं नाही.

आणि ती प्रक्रिया किरकोळ असते. मनासारखं नसेल, पण करून घेतलीस तर त्याला वाटेल की काहीतरी चाललंय, थोडा सावरेल. नंतर त्याच्या उपचाराचं मी बघते. तुझं शरीर काटक आहे, सोसेल. तू समंजस आहेस म्हणून तुलाच सांगते.

चौथ्या आकृतीत बाणाची दिशा तेवढी बदल.

तुझी,
ताई

२० सप्टेंबर

प्रिय पेन्सिल,

चौथी आकृती अजून आली नाही. रागावलीस का? फोन केला तर आई म्हणाली, तू दवाखान्यात आहेस, अंगात जरा कसकस आहे, आणि "आजकालच्या मुली, साध्या तपासणीनं आडव्या होतात." तिच्या बोलण्याकडे लक्ष देऊ नकोस. आराम कर.

समितीची शेवटची बैठक पुढच्या आठवड्यात आहे. बाणाचं तेवढं जमव. नुसतं पेन्सिलीनं केलंस तरी चालेल, शाई इथे भरून घेऊ.

बापू आता खूपच शांत वाटला. तुझं मोठं मन आहे, हे मी विसरणार नाही.

तुझी,
ताई

१४ ऑक्टोबर

ताई,

बाण बदललाय. आकृती सोबत आहे.

अंगात कसकस नव्हती. जाळल्यानंतर आठवड्यानं ताप चढला आणि पोटात कुणी पक्कड फिरवावी तसं दुखायला लागलं. मी सांगितलं तर आई म्हणाल्या, एवढं तर होतंच. तुमचा भाऊ म्हणाला, डॉक्टरांना रविवारी कशाला त्रास द्यायचा. सोमवारी मी जिन्यात पडले, तेव्हा तळमजल्यावरच्या बाईंनी रिक्षा बोलावली. अंग उलटं म्हणणाऱ्या त्याच बाई. रिक्षात माझं डोकं त्यांनी मांडीवर घेतलं होतं.

जंतुसंसर्ग वर चढला होता. दुसऱ्या दवाखान्यात ऑपरेशन केलं. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे बघून, माझ्याशीच बोलून सांगितलं, की दोन्ही नळ्या बंद झाल्या आहेत आणि पुन्हा उघडण्याची आशा ठेवू नका. त्यांनी विचारलं, "मुळात हे जाळायला कुणी सांगितलं? तुमचं तर सगळं ठीक असणार."  किती जणांची नावं घेणार?

आई भेटायला आल्या, तेव्हा माहेरहून माझ्या भावजयाही आल्या होत्या. नळ्यांचं ऐकून आई खुर्चीत टेकल्या आणि म्हणाल्या, "शेवटी निघालाच ना दोष." तुमचा भाऊ खिडकीपाशी उभा होता. मी त्याच्याकडे बघत राहिले. वाटलं, आता तरी बोलेल. त्यानं खिडकीची कडी काढली, लावली, पुन्हा काढली. त्याच्याकडे बघता बघता मला कळलं की खोटा असलेला दोष मी आता खरा करून दिलाय, त्याच्यासाठी, स्वतःच्या शरीरात.

दवाखान्यातून मी घरी गेले नाही. ऑफिसातल्या मैत्रिणीकडे एक खोली रिकामी होती, तिथे आहे.

तुमचं ऑगस्टचं पत्र माझ्याजवळ आहे. एकाच पत्रात वरच्या अंगाला तुम्ही बीजासाठी भांडलात आणि खालच्या अंगाला मला सांगितलंत, सोसेल. पुस्तकातल्या बीजानं धरावं, पारखावं, दार बंद करावं. मी मात्र नेली जावी, झोपवली जावी, जाळली जावी. ताई, ते अध्यक्ष निदान तोंडावर हसले. तुम्ही तर मला समंजस म्हणालात.

एकच मागते. तुम्ही आईंना खरं लिहा. मी शब्द दिलाय, तुम्ही दिलेला नाही. दोन ओळी पुरेत. माझं शरीर परत मिळणार नाही, पण जिन्यात, दारात, नातेवाइकांत जी गोष्ट फिरते आहे, ती तरी खरी फिरू दे.

पेन्सिल

९ नोव्हेंबर

प्रिय पेन्सिल,

काय लिहू? वाचून जेवण गेलं नाही. त्या डॉक्टरवर खटलाच भरायला हवा. मला इतकं गंभीर आहे हे कुणी सांगितलंच नाही, आणि इथून ते कळणार तरी कसं?

पण आईचं म्हणशील तर थोडा विचार कर. हे तिला कळलं तर ती खचेल. बापूची नोकरी, त्याचं चारचौघांतलं वावरणं, सगळं जाईल. आणि आता तुझ्याही नळ्या बंद आहेत म्हटल्यावर आधी कुणाचं होतं हे उगाळून कुणाला काय मिळणार? तू तर्कानं विचार करणारी आहेस. थोडे दिवस जाऊ दे, घरी परत ये. मूल दत्तक घेता येतं. मी स्वतः येऊन सगळ्यांशी बोलेन.

पुस्तक छापायला गेलं. पूर्ण नाही, पण अर्धी लढाई जिंकले. "बीज वाट पाहतं" काढून टाकायला लावलं. आता वाक्य असं आहे: "स्त्रीबीज आपल्या मोहक रसायनांच्या जाळ्यात शुक्रजंतूला ओढून घेतं." शर्यत आणि विजय तसेच राहिले, पाळीचा नाशही राहिला, पण बीज निष्क्रिय नाही हे तरी आलं. बदल असेच हळूहळू होतात. आकृत्यांखाली तुझं नाव छापलंय.

पत्राची वाट बघते.

तुझी,
ताई

२ डिसेंबर

ताई,

गेल्या रविवारी माझी नकाशाची फळी आणि कपडे आणायला घरी गेले होते. तुमचा भाऊ बाहेर गेला होता. आई स्वयंपाकघरात मटार सोलत बसल्या होत्या. मी बॅग भरली, फळी उचलली आणि दारातून परत फिरले. ठरवलं, दिलेला शब्द इतका महाग पडलाय की तो आता मोडायला माझी हरकत नाही.

त्यांच्यासमोर बसले आणि सांगितलं. तपासणी, डॉक्टर, तुमच्या भावाची धमकी, सगळं.

त्यांनी शेंगा सोलणं थांबवलं नाही.

"माहिती आहे मला," म्हणाल्या.

मला वाटलं, त्यांना नीट ऐकू आलं नाही. मी पुन्हा सांगायला लागले.

"माहिती आहे गं. ताईनंच सांगितलं फोनवर, ऑगस्टात. म्हणाली, बापूला काही बोलू नकोस, तो कोलमडेल. आणि सुनेला कळू देऊ नकोस की तुला कळलंय. तिला वाटू दे तुला माहीत नाही, म्हणजे ती त्याला टोचून बोलणार नाही."

"मग दवाखान्यात तुम्ही म्हणालात, दोष निघालाच..."

"तुझ्या भावजया उभ्या होत्या ना तिथे. त्यांच्यासमोर दुसरं काय बोलणार?" मग म्हणाल्या, "तुझं वाईट झालं. पण तू बाई आहेस, तुला काय, लोक चार दिवस कीव करतील आणि विसरतील. त्याला हसले असते."

त्यांचा आवाज वाईट नव्हता, ताई. समजावून सांगत होत्या, मापात, जसं तुम्ही सांगता.

म्हणजे त्या घरात तो जाणत होता, आई जाणत होत्या, दूर बसून तुम्ही जाणत होतात. गुपित सांभाळत बसले होते ती मी एकटी. ताप चढलेला असतानासुद्धा मी तोंड मिटून होते, ग्लानीत काही बोलून जाईन या भीतीनं. कुणापासून लपवत होते मी?

तुमचं वाक्य वाचलं, जाळ्याचं. आधी ती कोपऱ्यात झोपलेली होती, आता जाळं टाकणारी झाली. आपलं काम नीट करणारी एखादी साधी बाई तुम्हा लोकांच्या बघण्यात कधी आलीच नाही का? तुम्ही याला अर्धी लढाई म्हणता. मी आकृतीत पकडणारं कवच काढलं होतं, मोजून, तुम्ही सांगितलंत तसं. त्याच्या खाली आता ते वाक्य असेल आणि त्याच्या खाली माझं नाव. शाळेतल्या मुली ते पाठ करतील. दुसऱ्या आवृत्तीत जमलं तर नाव काढून टाका, नाही जमलं तर राहू द्या. आता त्यानं मला फार फरक पडत नाही.

तुमच्या भावानं वकिलाकडून घटस्फोटाची नोटीस पाठवली आहे, हे तुम्हाला माहीत असेलच. तुम्हाला सगळं आधीच माहीत असतं. कारण लिहिलंय, पत्नी अपत्यप्राप्तीस असमर्थ. त्याच्यासाठी दुसरी मुलगी बघायला सुरुवात झाली आहे, असं तळमजल्यावरच्या बाई सांगत होत्या. त्या मुलीला काही महिन्यांनी कोणत्या डॉक्टरांकडे नेतील, तिला काय शब्द ऐकवतील, ते मी इथे बसून लिहून देऊ शकते. मी तिचा पत्ता शोधते आहे. मिळाला तर तिला भेटून सांगणार आहे. ती माझ्यावर विश्वास ठेवेल असं नाही. सवतीचा जळफळाट म्हणेल.

मीही एक वकीलबाई गाठल्या आहेत. कडक आहेत, पण ऐकून घेतात. त्यांनी विचारलं, पहिल्या डॉक्टरांच्या तोंडून तर आता काही निघणार नाही, मग सासरचं कुणी खरं सांगायला उभं राहील का? मग वहीत बघून म्हणाल्या, "मघाशी तुम्ही सांगितलंत ना, नणंद याच विषयातल्या शास्त्रज्ञ आहेत. त्यांची साक्ष घेऊ या."

मी म्हटलं, त्यांचा हा विषय नाही.